दक्षिणेकडे तोंड

किविनॉमध्ये बर्फ इंचांत मोजत नाहीत,
कुठवर आला ते सांगतात:
टपालपेटीपर्यंत, खिडकीपर्यंत,
हिल्मा म्हातारीच्या कपडे वाळत घालायच्या तारेपर्यंत.
त्या हिवाळ्यात तो तबकडीपर्यंत आला.

तबकडी मीच बसवली होती
सॉनाच्या भिंतीवर, दक्षिणेकडे तोंड करून,
दोन बोल्ट गंजके.
तेव्हा मी एकोणीस वर्षांचा, कॉलेजसाठी
मामाच्या तळघरात राहणारा,
आणि घरात वायर म्हटली की माझंच नाव.
नवा डबा आला: हाय डेफिनिशन, पोटात हार्ड डिस्क,
एकाच वेळी दोन चॅनेल टिपणारा.
पहिल्या रात्री हॉकी लावली तर लॉरीनमामी म्हणाली,
"बर्फावरचे ओरखडे दिसतायत रे."
मग गोल कुणी केला ते तिने पाहिलंच नाही,
ओरखडेच बघत बसली.

आर्वोमामा काउंटीचा बर्फ लोटायचा ट्रक चालवायचा.
जितका बर्फ जास्त तितका तो घराबाहेर,
रात्री आठ ते सकाळी सहा,
कॉपर हार्बरपर्यंत आणि परत.
म्हणून मामी त्याच्यासाठी सामने टिपून ठेवायची.
ठेच लागून शिकली:
बरोबरी झाली की खेळ जादा वेळात जातो,
डबा मात्र साडेदहाला घड्याळ बघून उठतो
सरकारी कारकुनासारखा.
तेव्हापासून प्रत्येक सामन्यापुढे ती एक तास जोडायची,
कॉफीच्या भांड्यात एक पेला जास्तीचा टाकावा तसा.

अडचण सगळी हीच:
जो बर्फ मामाला बाहेर नेई
तोच तबकडीत जाऊन बसे.
पडद्यावर आधी खेळाडूंचे चौकोन, मग नुसतं निळं,
सिग्नल शोधत आहे.
मामी झोपायच्या झग्यावर मामाचा कोट चढवायची,
पायात त्याचेच बूट,
आणि लांब दांड्याची केरसुणी घेऊन
सॉनाच्या भिंतीशी उभी राहून
अंतराळ झाडायची.
मी आतून काच ठोकायचो.
आलं. गेलं. आलं.

फेब्रुवारीतल्या एका रात्री नाही आलं.
अकरा मिनिटं, नेमकी जादा वेळेतली.
केरसुणीचा दांडा मोडला होता
आणि मी तळघरात जागा होतो,
हाका ऐकून पांघरूण ओढलं
(हे अजून कुणाला सांगितलेलं नाही).

सकाळी मामा आला, भुवयांवरचा बर्फ वितळत.
"निकाल कुणी बोलायचा नाही," म्हणत
वेलचीचा पाव कॉफीत बुडवून बसला.
चित्र फुटलं तशी मामी उठली,
टीव्हीशेजारी उभी राहिली
आणि हातातल्या उलथन्याने खेळ सांगू लागली.
कोण घसरला, कुणाचा दात पडला,
गोलरक्षकाने मुखवटा वर केला तेव्हा
दाढीला घामाचा एक थेंब कसा लोंबत होता.
"इतकं स्पष्ट?" मामाने विचारलं.
"एचडी आहे," मामी म्हणाली.
शेवटचा गोल तिने आपल्याच पोरांना देऊन टाकला.

चित्र परत आलं
तेव्हा मिठ्या मारत होते दुसरेच.

मामाने रिमोट उचलला, टीव्ही बंद केला.
"झोपतो मी," म्हणाला. "मस्त झाला सामना."

ट्रकच्या केबिनमध्ये रेडिओ असतो
आणि तो रात्रभर चालू असतो
हे मला मार्चमध्ये कळलं, त्याच्याबरोबर एक फेरी मारली तेव्हा.
मी काही बोललो नाही. त्यानेही आवाज थोडा कमी केला.

डबा भाड्याचा होता.
ते दोघं मुलीकडे मिनेसोटाला गेले तेव्हा
कंपनीने रिकामं खोकं पाठवलं, मीच भरून परत केलं:
त्र्याण्णव टक्के भरलेली डिस्क,
दुसऱ्या कुठल्या यंत्रावर न उघडणारी.
सहा हिवाळे गेले त्यात.
ती अकरा मिनिटं तेवढी गेली नाहीत,
ती टिपलीच नव्हती.

परवा त्या रस्त्याने चाललो होतो.
तबकडी कुणी काढलेली नाही, काठोकाठ भरलेली.
गाडी थांबवली. केरसुणी नव्हती,
हातमोज्यानेच झाडली.
खिडकीतून नवी मालकीण बघत होती.
काय सांगणार तिला?
मी बोट वर केलं, आभाळाकडे,
आणि ती बिचारी वर बघत राहिली.